डिजिपिन: गावच्या घरासाठी वापरून बघितला, कसा वाटला

पोस्ट खात्याचा डिजिपिन, म्हणजे घराची नेमकी जागा सांगणारा दहा अक्षरी कोड, आमच्या गावच्या घरासाठी बरेच महिने वापरतेय. शहरातल्या लोकांनी यावर भरपूर लिहिलंय, पण वाडीवस्तीवर राहणाऱ्यांच्या बाजूने कोणी नीट लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही, म्हणून हा रिव्ह्यू. आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. जागा दाखवायचं काम तो चोख करतो, फुकट आहे, सरकारी आहे, उद्या कंपनी बंद पडली तर काय ही भीती नाही. दीड स्टार कापलेत ते कोडमध्ये खोट आहे म्हणून नाही, त्या कोडच्या मागे आपल्या घराची नोंद ठेवणारं, ती वेळच्या वेळी बदलणारं अजून कोणी नाही म्हणून. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, डांबरी रस्ता सोडून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून खाली गेलं की. गावाला बऱ्याच वाड्या, मध्ये पऱ्या (ओढा), साकव (छोटा पूल), वर सडा (कातळाचं पठार), एका वाडीतून दुसरीत जायला पावसाळ्यात चांगला वेळ लागतो. घरं रस्त्याला लागून नाहीतच, ज्याच्या त्याच्या आगरात, गडगा (दगडी कुंपण) घालून. त्यामुळे घर नंबर अमुक, गल्ली तमुक, अमक्या दुकानासमोर असा पत्ताच होत नाही आमचा. कागदावर मु. पो. ता. जि. आणि पिनकोड, झालं. आमच्याकडे टपाल आणणारे काका ग्रामीण डाक सेवक आहेत, त्यांना नुसतं गावाचं आणि बाबांचं नाव पुरतं, त्यांच्याबद्दल आमची कुणाचीच तक्रार नाही, उलट पत्र द्यायला आले की पाणी पिऊन दोन गोष्टी बोलून जातात. अडतं ते बाहेरच्या माणसाचं. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं पार्सल एका कुरिअर कंपनीने 'पत्ता अपूर्ण' असा शेरा मारून परत पाठवलं होतं, आणि त्या पार्सलवर वाडी, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, मोबाईल नंबर सगळं होतं हो. अपूर्ण काय, तर घर नंबर आणि रस्त्याचं नाव. जो रस्ता नाहीच त्याचं नाव कुठून आणायचं?

पिनकोडला मी नावं ठेवणार नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने, संस्कृतचे मोठे पंडित होते ते, ही सहा आकडी पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली, आणि अजूनही देशाचं टपाल त्यावरच चालतं. पण पिनकोड हा टपाल वाटणाऱ्या पोस्टाचा असतो, घराचा नाही. देशात दीड लाखाच्या वर पोस्ट ऑफिसं आणि पिनकोड साधारण १९ हजार, म्हणजे एका पिनमध्ये किती गावं आणि किती वाड्या येत असतील बघा. आमच्या पिनमध्ये एकाच नावाच्या वाड्या तीन गावांत आहेत, खालची वाडी, मधली वाडी, वरची वाडी, ही नावं तर कोकणात दर दोन मैलांवर सापडतील.

आणि नंबर नाहीत असंही नाही, हे शहरातल्यांना सांगूनही पटत नाही. आमच्या ओटीवर दाराच्या चौकटीशेजारी उभं राहून बघा. ग्रामपंचायतीचा पत्र्याचा बिल्ला, त्यावरचा रंग उडालेला. त्याच्या खाली त्याआधीच्या आकारणीतला नंबर ऑइल पेंटने. बाजूला जनगणनेवाल्यांनी गेरूने घातलेला आकडा अजून पुसट दिसतो, पोलिओच्या मोहिमेतल्या खडूच्या खुणा, मीटरच्या पेटीवर महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, आणि समोरच्या विजेच्या खांबावर खांबाचा नंबर. एवढे सगळे नंबर एका भिंतीवर, ज्याने त्याने आपल्या कामापुरता घातलेला, आणि यातला एकही नंबर सांगून बाहेरचा माणूस आमच्या दारात पोचू शकत नाही. वायरमनला खांबाचा नंबर सांगितला की तो येतो, तेवढाच काय तो उपयोग.

आता डिजिपिनकडे येते. पोस्ट खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या एनआरएससी या उपग्रहांच्या चित्रांवर काम करणाऱ्या केंद्राला बरोबर घेऊन हे केलंय. जुलै २०२४ मध्ये आधी लोकांची मतं मागवण्यासाठी बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आणली आणि २७ मे २०२५ ला 'नो युअर डिजिपिन' नावाचं पोर्टल सुरू झालं. कल्पना अगदी साधी आहे. भारत आणि आजूबाजूचा समुद्र मावेल असा एक मोठा चौकोन घेतला, ३६ अंश बाय ३६ अंशांचा. त्याचे उभे चार आडवे चार असे १६ भाग केले, प्रत्येक भागाला एक अक्षर किंवा आकडा दिला. मग त्यातल्या प्रत्येक भागाचे परत १६, परत १६, असं दहा वेळा. शेवटी उरतो तो साधारण चार मीटर बाय चार मीटरचा तुकडा, म्हणजे आपलं तुळशीवृंदावन आणि त्याच्या भोवतीची मोकळी जागा एवढाच. दहा वेळा भाग पाडले म्हणून कोड दहा अक्षरी, तीन-तीन-चार असा तोडून लिहितात. दिल्लीच्या डाक भवनाचा कोड ३९जे-४९एल-एल८टी४ असा आहे, खात्याच्या कागदपत्रांत उदाहरण म्हणून तोच दिलेला असतो.

याचा एक मोठा फायदा म्हणजे कोड डावीकडून वाचत गेलं की आपण लांबून जवळ येत जातो. पहिलं अक्षर म्हणजे अख्ख्या देशातला एक मोठा तुकडा. महाराष्ट्राचा बराचसा भाग ४ मध्ये येतो, पण २०.५ अक्षांशाच्या वरचा भाग, म्हणजे धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर ही शहरं ३ मध्ये. पुढचं दुसरं अक्षर धरलं तर मुंबई, पुणे, नाशिक ४ एफ, आणि आमची रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सांगली ४ जे. कुडाळच्या अगदी जवळून १६ अक्षांशाची रेषा जाते, तिथे ४ जे संपून ४ के सुरू होतं, त्यामुळे मालवण ४ जे आणि सावंतवाडी आणि सगळा गोवा ४ के. (पिनकोडही आपल्याकडे ४ नेच सुरू होतो, त्याचा आणि याचा काही संबंध नाही, ४ दिसला की लोकांची गल्लत होते म्हणून मुद्दाम लिहितेय.) सहा अक्षरांपर्यंत आलात की साधारण एक किलोमीटरचा चौकोन उरतो, आमच्याकडे तेवढ्यात वाडी येते. आठव्या अक्षराला साठेक मीटर, नवव्याला पंधरा, दहाव्याला चार.

आता जी गोष्ट मला कुठल्याच बातमीत वाचायला मिळाली नाही ती सांगते. फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, आणि झाडाखाली, कौलारू छपराखाली, डोंगराच्या कुशीत त्याहून खराब. चौकोन चार मीटरचा. म्हणजे मापायची पट्टीच चौकोनापेक्षा ढिली आहे. त्यामुळे आईने ओटीवर बसून कोड काढला तर एक येतो, थोड्या वेळाने काढला तर शेवटचं अक्षर वेगळं, आणि मग ती म्हणते अगं हे काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नाही. माडा-फोफळीखाली उभं राहून काढू नका, मोकळ्या खळ्यात या, फोनचा लोकेशनचा निळा ठिपका स्थिर होऊ द्या, मग काढा, आणि एकदा ठरला की तोच लिहून ठेवा, रोज रोज नवीन काढायचा नाही. शेवटचं अक्षर शेजारच्या चौकोनाचं आलं तरी माणूस तुमच्याच अंगणात येणार आहे. कधी कधी मात्र मोठ्या चौकोनाची हद्द नेमकी आपल्या परसातून जाते आणि मग चार पावलांवर तीन-चार अक्षरं बदलतात, तेव्हाही घाबरायचं कारण नाही, दोन्ही कोड पोर्टलवर टाकून त्यांची जागा बघा, शेजारी शेजारीच दिसतील.

दुसरी गोष्ट, कोड घ्यायचा कुठला? आमचं घर पडवी, मागचं परस धरून सहज दहा-बारा चौकोनांवर पसरलंय, त्यामुळे एका घराचे दहा-बारा कोड निघतात आणि सगळे बरोबर. शिवाय घराचा कोड दिला तर गाडीवाल्याच्या उपयोगाचा नाही, कारण गाडी घरापर्यंत येतच नाही, ती वर पाखाडीच्या तोंडाशी थांबते. मी शेवटी दोन कोड पक्के केले, एक गाडी थांबते तिथला आणि एक आमच्या बेड्याजवळचा, म्हणजे आवाराच्या फाटकाजवळचा. गाडीवाल्याला पहिला, पायी येणाऱ्याला दुसरा. ही युक्ती वाडीतल्या सगळ्यांना सांगितली आणि खरंच कामाला आली, कारण पाखाडीच्या तोंडाचा कोड सगळ्या वाडीला एकच लागतो, तो पाठ झाला की झालं. पोर्टलवर मात्र असं काही सुचवलेलं नाही, दारापर्यंत रस्ता असतोच असं धरून चाललेत. डोंगरातली, कातकरी पाड्यांवरची, सातपुड्यातली किती घरं या हिशोबातून सुटतात, विचार करा.

अक्षरांबद्दल. शून्य, एक, ओ, आय असली एकमेकांसारखी दिसणारी चिन्हं त्यांनी वापरलेलीच नाहीत, ही फार चांगली गोष्ट केली, लिहिताना गोंधळ होत नाही. पण फोनवर सांगताना होतो. जे आणि के, पी आणि टी आणि सी, खराब रेंजमध्ये काय ऐकू येणार? आमच्या शेजारच्या काकूंना कोड सांगायचा असेल तर त्या "जे जहाजाचा, के केळीचा" असं सांगतात, हे त्यांनीच काढलं आणि आता वाडीत सगळे तसंच सांगतात. ज्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी काहीच सोय नाही. १६ तर चिन्हं आहेत, त्यातले ८ आकडे, राहिली ८ अक्षरं, त्या आठांना देवनागरी जोडीदार ठरवून द्यायला काय हरकत होती? रेशन दुकानाच्या पाटीपासून बसच्या पाटीपर्यंत सगळं मराठीत वाचणारी माणसं आहेत ही, आणि याची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे.

गरज म्हणजे कुठली, तर आजारपण. आमच्याकडे रात्री-अपरात्री कोणाला बरं नसलं की १०८ ला फोन जातो आणि लगेच वाडीतली दोन पोरं बॅटरी घेऊन हायवेच्या फाट्यावर जाऊन उभी राहतात, दोन जणं पाखाडीच्या तोंडाशी, आणि बाकीचे माणसाला खुर्चीत बसवून वर चढवायला लागतात. वर्षानुवर्षं हीच पद्धत आहे आणि ती चालते, कारण पोरं होती. आता वाडीत पोरं कुठे आहेत? निम्म्या घरांना कुलपं, निम्म्या घरांत माझ्या आईबाबांसारखी दोन दोन म्हातारी माणसं. फाट्यावर उभं राहायला कोण जाणार? गावातून पोरं निघून गेल्यावर पत्त्याने ते काम करायला हवं, नुसत्या फोनवरच्या दहा अक्षरांवरून गाडी बरोबर जागी आली पाहिजे. एवढ्यासाठी मला हे सगळं महत्त्वाचं वाटतं, ऑनलाइन खरेदी वगैरे नंतर.

आणि अजून एक गोष्ट आहे जी मला या कोडमध्ये मनापासून आवडली. आपल्याकडे वाडीचं नाव म्हणजे बहुतेक वेळा जातीचं नाव. पत्ता लिहिला की जात लिहिली गेली. नोकरीचा अर्ज, कॉलेजचा फॉर्म, पार्सलवरचं लेबल, सगळीकडे. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय काढला, चांगला निर्णय होता, पण बदललेलं नाव आधारवर, मतदार यादीत, रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर सगळीकडे चढायला किती वेळ लागतो हे गावात राहणाऱ्याला माहिती आहे, आणि बोलण्यात तर जुनंच राहतं. डिजिपिनमध्ये कोणाची वाडी नाही. आमच्या घराचा कोड आणि पऱ्याच्या पलीकडच्या घराचा कोड एकाच घडणीचा, दोन्ही ४ जे ने सुरू. माझी एक मैत्रीण आहे पलीकडच्या वाडीतली, शाळेपासूनची, तिने हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आणून दिलं, की आता पार्सलवर मी नाव, गाव आणि हा कोड लिहिते, वाडी लिहितच नाही. एवढ्याने तिला किती मोकळं वाटलं ते तिच्या आवाजात कळत होतं.

आता जिथे स्टार कापले तिकडे. डिजिपिन तुमच्याबद्दल काहीच जाणत नाही. तो अक्षांश-रेखांशांवरून गणिताने निघतो, त्यात नाव नाही, घर नाही, ते घर आहे की गोठा आहे की नुसतं कातळ आहे हेही नाही. भर समुद्रातल्या चौकोनालाही कोड आहे. खात्यानेही स्पष्ट म्हटलंय की हा टपालाच्या पत्त्याची जागा घेणार नाही, त्याला जोड म्हणून आहे. यामुळे खाजगीपणा राहतो हे मान्य, तुमची माहिती कुठे साठवली जात नाही. पण मग गावातल्या घराचा अधिकृत पत्ता काय हा प्रश्न जिथे होता तिथेच राहतो. एकाच इमारतीतल्या चार मजल्यांना एकच कोड हा शहरातल्यांचा प्रश्न झाला, आमचा प्रश्न वेगळा आहे, आमच्याकडे दोन भावांनी वाटण्या करून एका घराची दोन घरं केली, मध्ये भिंत घातली, दोन चुली झाल्या, तर दोघांची दारं एकाच चौकोनात येऊ शकतात. हे कोण कुठे लिहून ठेवणार?

खरं तर लिहून ठेवणारी संस्था आहे आणि कधीपासून आहे, ग्रामपंचायत. तिचं नमुना ८ म्हणजे कर आकारणीचं रजिस्टर. (सातबाऱ्याबरोबरचा आठ अ वेगळा आणि हा वेगळा, बँकेत गेलात की हमखास उलटं मागतात.) त्यात प्रत्येक घराचा मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, राहणाऱ्याचं नाव, घर मातीचं की चिऱ्याचं की सिमेंटचं, लांबी रुंदी सगळं असतं. पण आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने होते, आणि तेव्हा यादी पहिल्यापासून मोजायला घेतली की मधे नवीन घरं आलेली असतात, काही पडलेली असतात, आणि नंबर सरकतात. आमच्या घराचा नंबर असाच सरकलाय. आधारवर एक, रेशनकार्डावर त्याच्या आधीचा, घरपट्टीच्या पावतीवर आत्ताचा. बँकेतल्या साहेबांना तीन कागद तीन नंबरांचे दाखवले की ते म्हणतात घर एकच आहे याचा दाखला आणा. दाखला आणायला परत ग्रामपंचायत. यात कोणा एका माणसाचा दोष नाही, पद्धतच अशी आहे की नंबर यादीतल्या क्रमाला दिला जातो, घराला नाही.

हे टाळता येतं, आणि बाहेर टाळलंय लोकांनी. ऑस्ट्रेलियात ग्रामीण भागात रस्ता जिथे सुरू होतो तिथपासून फाटकापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजतात आणि दहाने भागतात. ४५३० मीटरवर फाटक असेल तर जवळचा नंबर ४५३, डाव्या हाताला विषम, उजव्या हाताला सम. यात नंबरच सांगतो की साडेचार किलोमीटर आत जायचंय आणि डावीकडे बघायचंय. मधे उद्या नवीन घर झालं तर त्याचा नंबर आधीच ठरलेला आहे, कोणाचा नंबर हलवावा लागत नाही. किती साधं आणि किती विचारपूर्वक केलेलं काम आहे हे. देशावर, जिथे शेतवस्त्या रस्त्याकडेने आहेत, तिथे हे अगदी जसंच्या तसं करता येईल असं मला वाटतं. कोकणात रस्ताच नाही तिथे डिजिपिन बरा. दोन्हींत चांगलं काय, तर नंबर जमिनीशी बांधलेला आहे, रजिस्टरच्या पानाशी नाही.

कोणी म्हणेल स्वामित्व योजना आहे की, ड्रोनने मोजणी झाली की. ती चांगलीच योजना आहे, महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात तिचा पहिला प्रयोग झाला आणि मग २४ एप्रिल २०२० ला ती देशभरासाठी जाहीर झाली. चुन्याने हद्दी आखायच्या, वरून ड्रोन फिरवायचा, नकाशा करायचा, मग चौकशी होऊन सनद आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). ज्यांच्याकडे गावठाणातल्या घराचा मालकीचा एकही कागद नव्हता त्यांना तो मिळाला, कर्ज काढता आलं. पण ती मालकीसाठी आहे आणि गावठाणातल्या घरांसाठी आहे. आमच्यासारखी घरं गावठाणाबाहेर, आपापल्या सर्व्हे नंबरात, ती त्यात धरलेली नाहीत. आणि मिळकत पत्रिका हातात असली तरी तिच्यावरून रिक्षावाला घरी येणार नाही. डिजिपिन एकीकडे, मिळकत पत्रिका दुसरीकडे, नमुना ८ तिसरीकडे, तिन्ही एकाच घराबद्दल आहेत आणि तिन्हींची एकमेकांशी ओळख नाही.

जमिनीशी बांधलेल्या नंबरालाही सांभाळावं लागतं बरं का. आंबेगाव तालुक्यातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४ ला डोंगर खाली आला, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि २०१७ मध्ये आमडे इथे नवीन गाव उभं राहिलं. माणसं नव्या घरांत आली, गावाचं नाव त्यांच्याबरोबर आलं. अक्षांश-रेखांश मात्र कोणाबरोबर कुठेही जात नाहीत, ते जुन्या जागीच राहतात. अशा वेळी जुना कोड कुठल्या घराचा होता, ते कुटुंब आता कुठल्या कोडवर राहतं हे कोणीतरी माणसाने बसून लिहावं लागतं. धरणात गेलेल्या गावांचं तेच, कोयनेची माणसं किती जिल्ह्यांत विखुरली. गणित कितीही अचूक असलं तरी हे काम गणित करत नाही.

दुसऱ्या सोयींशी तुलना थोडक्यात करते. गूगलचा प्लस कोड याआधीपासून आहे, तोही फुकट आणि खुला, नेहमीचा कोड साधारण १४ मीटरचा चौकोन दाखवतो, आणि त्याचा फायदा म्हणजे तो सरळ गूगल मॅपमध्ये टाकला की रस्ता दाखवतो, ड्रायव्हर लोकांना तेच हवं असतं. व्हॉट थ्री वर्ड्स तीन शब्दांत जागा सांगतं, लक्षात ठेवायला सोपं, पण ते एका खाजगी कंपनीच्या मालकीचं आहे आणि माझ्या गावाचा पत्ता एखाद्या कंपनीच्या हातात असावा हे मला पटत नाही. मॅपल्स या भारतीय नकाशाच्या अॅपचा सहा अक्षरी पिन आटोपशीर आहे. डिजिपिनची जमेची बाजू ही की त्याचा सगळा कोड खुला ठेवलाय, कोणीही आपल्या अॅपमध्ये घालू शकतं, पैसे द्यावे लागत नाहीत. पण घालतंय कोण? मी वापरते त्या खरेदीच्या अॅपमध्ये पत्त्याच्या फॉर्मात अजून रकाना नाही, मी तो लँडमार्कच्या जागी लिहिते. डिलिव्हरीच्या मुलाला हे काय आहे ते माहीत नसतं, त्याला लोकेशन व्हॉट्सअॅपवर पाठवावं लागतंच. पोस्ट खात्याने ध्रुव नावाची पुढची पायरी मांडलीये, त्यात आपल्या पत्त्याला यूपीआयसारखं एक नाव असेल आणि आपण परवानगी देऊ त्यालाच पत्ता दिसेल, ते झालं तर चांगलंच आहे, पण त्यातही नावामागचा पत्ता कुठून येणार, तर परत गावच्या रजिस्टरातूनच.

म्हणून मी आणि बाबांनी मिळून ग्रामसभेसाठी एक अर्ज दिलाय. बाबा निवृत्त शिक्षक, त्यांचं अक्षर सुंदर, त्यांनीच लिहिला. मागण्या साध्या ठेवल्या. घरपट्टीच्या नमुना ८ मध्ये शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक घराचा डिजिपिन लिहावा, दाराचा एक आणि गाडी थांबते तिथला एक. पुढच्या आकारणीत यादी नव्याने झाली तरी जुना मालमत्ता क्रमांक शेजारी ठेवावा, खोडू नये. नवीन घराची, वाटणीची, पडलेल्या घराची नोंद करताना कोडही त्याच वेळी लिहावा. घरावरच्या पाटीवर देवनागरीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहावं, आणि पाट्या गावातल्याच पेंटरकडून करून घ्याव्यात, बाहेरून येऊन पाटीमागे पैसे गोळा करत फिरणाऱ्यांकडून नाही, तसे लोक आमच्याकडे येऊन गेलेत आणि त्यांनी लावलेल्या नंबरांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. सरपंचताईंनी अर्ज वाचून पहिला प्रश्न हाच विचारला की हे काढणार कोण, माणूस कुठे आहे? रास्त प्रश्न आहे. ग्रामसेवकांकडे, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, दोन दोन गावं असतात, त्यांच्यावर अजून एक काम कसं टाकायचं. आशाताई घरोघरी जातात पण त्यांच्यावर तर सगळंच टाकलंय. शेवटी असं ठरतंय की गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा प्रत्येक वाडीतल्या कॉलेजच्या मुलांनी आपापल्या वाडीचे कोड काढायचे, कोऱ्या वहीत घरमालकाच्या नावासमोर लिहायचे, आणि ती वही ऑफिसात द्यायची, मग रजिस्टरला चढवणं तेवढं त्यांचं काम.

तोवर तुम्ही स्वतःपुरतं एवढं करू शकता. गावी जाल तेव्हा मोकळ्यात उभं राहून दोन्ही कोड काढा, निघालेला कोड परत पोर्टलवर टाकून बरोबर जागा दिसते का ते तपासा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या जवळ, आईबाबांना चष्म्याशिवाय दिसेल असं चिकटवा. त्याच कागदावर खाली अक्षांश-रेखांशही लिहा, कारण समोरच्याला डिजिपिन माहीत नसेल तर ते आकडे कुठल्याही नकाशात चालतात. शेजाऱ्यांचेही काढून द्या, विशेष करून जिथे म्हातारं माणूस एकटं राहतं त्या घराचा आधी. आणि गोठ्याचा, विहिरीचा कोड काढत बसू नका, मुलं उत्साहात सगळंच लिहितात आणि मग कागदावर नेमका घराचा कुठला ते कळत नाही.